आघाडीचे आकडे ऐकताना

कर्जत आणि खालापूर तालुक्याचा काही भाग मिळून विधानसभेचा एकच मतदारसंघ आहे. 2014 मध्ये आमदार सुरेश लाड यांनी शेकापच्या महेंद्र थोरवे यांच्यावर जेमतेम 1,900 मतांनी मात केली. 2019 मध्ये थोरवे शिवसेनेकडून लढले आणि त्यांनी लाडांनाच हरवलं. 2024 मध्ये आमदार होते थोरवे, आणि त्यांना झुंजवलं अपक्ष सुधाकर घारे यांनी. थोरवे साडेपाच हजारांवर मतांनी तरले.

अशी चुरस असली की मतमोजणीच्या पहिल्या फेऱ्यांवर भरवसा ठेवू नका. सकाळी आठला आधी टपाली मतं, मग मतदान केंद्रांच्या क्रमानं यंत्रं उघडतात. म्हणून या मतदारसंघात नेरळकडची केंद्रं मोजताना दिसलेली आघाडी खोपोलीची यंत्रं लागताच फिरू शकते. आघाडीसोबत किती फेऱ्या उरल्या, तेही जरूर विचारा.