दोन शेख, १ जून आणि एचआरची खुर्ची



माझ्या अब्बांचा वाढदिवस १ जूनला असतो. मोठ्या चाचांचाही १ जूनलाच. शेजारच्या पठाणमामूंचाही तोच. हसताय, म्हणजे तुमच्याही घरात हेच आहे. कारण आपल्याला माहीत आहे. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा जन्माचा दाखला नव्हता. जूनमध्ये शाळा सुरू होते, म्हणून गुरुजींनी १ जून लिहून टाकलं. ज्या ज्या घरातली पहिली पिढी शाळेत गेली, मग ती कोणत्याही जातीधर्माची असो, त्या घरात एक तरी १ जूनवाला सापडतोच.

या १ जूनने मला माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा धडा शिकवला. तो सांगण्यासाठी आज मी उभा आहे.

मी मूळचा सोलापूरचा. अब्बा यंत्रमागावर होते. मी इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरीला लागलो. ज्या कंपनीत लागलो ती हजेरी आणि पगाराचं सॉफ्टवेअर बनवायची. कारखान्याच्या गेटवर कामगार बोट लावतो, हजेरी लागते, महिन्याच्या शेवटी पगार निघतो. मधलं सगळं आमचं.

त्या वेळी चाकण भागातल्या एका कारखान्याची तक्रार होती की कंत्राटदार मस्टरवर बोगस नावं घालतात. एकच माणूस दोन नावांनी लावायचा आणि दुसऱ्या नावाचा पगार खिशात घालायचा. ही चोरी खरी आहे, जुनी आहे. ती पकडण्याचं काम माझ्याकडे आलं. मी नियम लिहिला: दोन नोंदींमध्ये नाव आणि जन्मतारीख जुळली, तर दुसरी नोंद संशयित समजायची आणि तिचा पगार थांबवायचा. त्यात मी थोडी हुशारीही केली. मोहम्मद हे नाव कोणी पूर्ण लिहितो, कोणी एमडी, कोणी मोहद. मी ती सगळी रूपं एकच धरली. शेख मोहम्मद आणि मोहम्मद शेख हेही एकच धरलं. मला वाटलं, आपल्याला आपली नावं कळतात, म्हणून हे काम माझ्याइतकं चांगलं कोणी करणार नाही.

महिनाअखेरीला कारखान्यातून फोन आला. तिथल्या एचआरच्या मॅडम होत्या, पन्नाशी ओलांडलेल्या. म्हणाल्या, "तुमचा कॉम्प्युटर म्हणतोय हे दोघं एकच आहेत. माझ्या टेबलासमोर दोघं उभे आहेत. एक बीडचा आहे, एक लातूरचा. सांगा, यातला कुठला खोटा?"

दोघांचं नाव शेख मोहम्मद. दोघांची जन्मतारीख १ जून, सालही एकच. कंत्राटदाराने वडिलांचं नाव भरलंच नव्हतं. असे अकरा जण निघाले. त्यात दोन जाधवही होते, पण बाकी सगळे शेख, पठाण आणि सय्यद. अकरा जणांचा पगार माझ्या एका ओळीने थांबला होता.

सोलापुरात अब्बांचा आठवड्याचा पगार एकदा चुकला की किराणा दुकानदार वही पुढे करायचा, हे मी लहानपणी पाहिलंय. तेच मी अकरा घरांत केलं होतं. मी, शेख, १ जूनवाल्याचा मुलगा. माझ्या मनात कुणाबद्दल द्वेष नव्हता. मी फक्त विचारलं नव्हतं.

मॅडमनी मला ओरडण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक, नावावर जाऊ नका, पीएफचा यूएएन आणि ईएसआयचा नंबर जुळतो का ते बघा. दोन, वडिलांचं नाव भरल्याशिवाय नोंद घेऊच नका. आणि तीन, मशीनने संशय घ्यावा, पण पगार थांबवायचा निर्णय माणसाने घ्यावा, आणि त्याच्या नावाने घ्यावा. कोड मी अर्ध्या दिवसात बदलला. पण काय बदलायचं, ते त्यांना माहीत होतं, मला नव्हतं.

त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. आपण समजतो की कॉम्प्युटरवाला नियम ठरवतो. नाही. नियम ठरतो एचआरच्या टेबलावर. आम्ही तो फक्त टाइप करतो.

आता तुम्हाला थोडं मागे नेतो. मुंबईच्या गिरण्यांमध्ये माणसं कोण भरायचं? जॉबर. सकाळी गेटवर बदली कामगार उभे राहायचे आणि आज कोणाला आत घ्यायचं हे जॉबर ठरवायचा. तो आपल्या गावचा, आपल्या नात्यातला, आपल्या जातीचा बघायचा, कधी पैसेही घ्यायचा. ही सत्ता कमी व्हावी म्हणून हळूहळू कायदे आले. १९३४ च्या मुंबईच्या कायद्याने सरकारी लेबर ऑफिसर आला. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पाचशे किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर नेमणं सक्तीचं केलं. मग त्याचं पर्सोनेल खातं झालं, पुढे एचआर झालं. म्हणजे हे खातं आलंच मुळी गेटवरची मर्जी जाऊन तिथे नियम यावा म्हणून.

आज गेटवर पुन्हा एक नवा जॉबर उभा आहे. तो सॉफ्टवेअर आहे. मोठ्या कंपनीत तुम्ही अर्ज करता तेव्हा बहुतेक वेळा माणसाच्या आधी तोच तुमचा अर्ज वाचतो, ओळी वेगळ्या करतो, शब्द जुळवतो आणि क्रम लावतो. त्याला तुमचा धर्म कोणी सांगत नाही. पण तो ज्या जुन्या नोंदींवर शिकतो, त्यात माणसांच्या सवयी असतातच.

आपल्याकडच्या सवयी कशा आहेत, यावर एक अभ्यास झालेला आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी तो केला आणि २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त छापला. त्यांनी वर्तमानपत्रातल्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फक्त नावं वेगळी. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश निघाली. मुस्लिम नावाला साधारण एक तृतीयांश. हे खासगी कंपन्यांबद्दल आहे, आणि अर्ज वाचणारी माणसं होती, मशीन नव्हतं.

आता असाच जुना निवडीचा साठा मशीनला शिकायला दिला तर काय होईल? अ‍ॅमेझॉनने तसं करून पाहिलं. २०१४ पासून त्यांनी अर्जांना गुण देणारी यंत्रणा बांधली आणि दहा वर्षांच्या जुन्या अर्जांवर ती शिकवली. ते अर्ज बहुतेक पुरुषांचे होते. मशीन शिकलं की पुरुष चांगले. अर्जात कुठे 'महिला' असा शब्द आला, उदाहरणार्थ महिला बुद्धिबळ क्लबची कप्तान, तर गुण कमी. शेवटी कंपनीने तो प्रकल्प सोडला. २०१८ मध्ये ही बातमी जगाला कळली.

कोणी म्हणेल, नाव आणि लिंग काढून टाका, प्रश्न मिटला. इतका सोपा नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये एक अहवाल काढला. त्यात दोन कंपन्यांचं उदाहरण आहे. एकीच्या आकडेवारीत दिसलं की कामाच्या जवळ राहणारे लोक जास्त काळ टिकतात. मग लांब राहणाऱ्यांचे गुण कमी करायचे का? दुसऱ्या कंपनीने विचार केला की वस्त्या वंशाप्रमाणे वेगळ्या आहेत, म्हणजे हा पत्ता नव्हे, हा वंशच झाला. त्यांनी तो मुद्दा निवडीतून काढून टाकला. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिथे असा प्रश्न विचारणारं कोणीतरी बसलेलं होतं. आपल्या शहरांतही पिनकोड पुष्कळ काही सांगतो. मुंब्रा, मालेगाव, भिवंडी, नुसती नावं घेतली तरी पुरे. तिथला पिनकोड कमी गुणांचा का, हे आपल्या कंपन्यांमध्ये कोण विचारणार?

कायदा विचारेल का? न्यूयॉर्क शहराने २०२१ मध्ये कायदा केला आणि २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. भरतीचं असं यंत्र वापरायचं तर त्यात भेदभाव होतो का याची स्वतंत्र तपासणी करावी लागते आणि उमेदवाराला कळवावं लागतं. युरोपच्या २०२४ च्या एआय कायद्यात नोकरभरती जास्त धोक्याच्या कामांमध्ये धरली आहे. आपल्या संविधानाचं कलम १६ सरकारी नोकरीत धर्मावरून भेद करू देत नाही. पण खासगी नोकरीत धर्मावरून भेद करू नये असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. तो व्हावा म्हणून बोललं पाहिजेच. तोपर्यंत मात्र आत बसलेल्या माणसाने विचारलं तरच प्रश्न निघणार.

म्हणून मी तुम्हाला आज एचआरमध्ये या म्हणतोय.

आपल्या घरांत मुलगा हुशार असेल तर इंजिनिअर, मुलगी हुशार असेल तर डॉक्टर किंवा शिक्षिका. एचआर म्हटलं की लोक म्हणतात, ते काय, इंटरव्ह्यूला फोन करायचं काम. खरं सांगतो, फोन करायचं ते काम आता जातंय. अर्ज चाळणं, मुलाखतीची वेळ ठरवणं, किती रजा शिल्लक आहे ते सांगणं, हे चॅटबॉट करायला लागलेत. तेवढंच येत असेल तर नोकरी टिकणार नाही.

टिकणार आहे ते वेगळं. ज्याला कामगार कायदा येतो, पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी येते. ज्याला आकडे वाचता येतात, म्हणजे या वर्षी कोणाला बोलावलं, कोणाला गाळलं आणि का, हे एक्सेलमध्ये किंवा एसक्यूएलमध्ये काढून दाखवता येतं. आणि ज्याला सॉफ्टवेअर विकायला आलेल्या माझ्यासारख्याला विचारता येतं, की हे कशावर शिकलंय? चुकलं तर कोण सुधारणार? ज्याचा पगार थांबला त्याने दाद कुठे मागायची? हे तिन्ही येणारी माणसं फार थोडी आहेत.

शिकायला रस्ते आहेत. मुंबईच्या टाटा समाज विज्ञान संस्थेत, म्हणजे टिसमध्ये, एचआर आणि कामगार संबंधांचा अभ्यासक्रम आहे. सीईटी देऊन एमबीएला एचआर घेता येतं. पुणे विद्यापीठात कामगार कायदे आणि कामगार कल्याणाचा डिप्लोमा आहे. त्या मॅडमनी तोच केला होता, नोकरी करता करता. मोठ्या कॉलेजची फी परवडत नसेल तर एखाद्या कंत्राटदाराच्या ऑफिसात मस्टर आणि पीएफचं काम करायला लागा. तिथे जे शिकायला मिळतं ते पुस्तकात नसतं.

जे आज अर्ज करताय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. दहावीचं मार्कशीट, आधार, पॅन आणि बँक, चारही ठिकाणी नावाचं स्पेलिंग एक करून घ्या. एकात मोहम्मद आणि दुसऱ्यात एमडी असेल तर कागदपत्रांच्या तपासणीत तुमचंच नाव संशयित होतं. आडनाव लावत नसाल तर फॉर्ममधल्या आडनावाच्या रकान्यात काय भरायचं ते एकदाच ठरवा आणि सगळीकडे तेच भरा. आणि सीव्ही साधा ठेवा. दोन रकाने, चौकटी, चित्रं टाकली की मशीन ओळी उलटसुलट वाचू शकतं. फोटो, धर्म, वैवाहिक स्थिती लिहायची गरज नाही.

शेवटचं बोलतो. एचआरच्या खुर्चीत बसा म्हणतो, ते आपल्या माणसाची चिठ्ठी चालवायला नाही. ते तर जॉबर करायचा. तुम्ही बसल्यावर शेख आहे म्हणून कोणाला आत घेतलं, तर उद्या शेख आहे म्हणून कोणाला बाहेर ठेवलं याची तक्रार करायचा हक्क आपला राहणार नाही. त्या मॅडम शेख नव्हत्या. त्यांनी अकरा जणांसाठी फोन केला, त्यात जाधवही होते आणि पठाणही. त्यांच्या टेबलासमोर दोन माणसं उभी होती आणि त्यांनी ती दोन मोजली. काम इतकंच आहे.

त्या आता निवृत्त झाल्या. त्यांच्या जागेवर कोण बसेल, ते इथून उठल्यावर तुम्ही कोणता फॉर्म भरता त्यावर आहे.