स्वस्त गाडीची बाकी

गेल्या वर्षी माझा भाचा नोकरीसाठी नागपूरहून दिल्लीस आला. नोएडातील एका कचेरीत त्याला काम मिळाले होते आणि बिऱ्हाडाची सोय होईपर्यंत तो रामकृष्णपुरमला आमच्याकडे उतरला होता. पहिला पगार हाती पडला त्या संध्याकाळी आईसाठी साडी आणि मामीसाठी मिठाई असे दोन्ही धर्म पाळून झाल्यावर त्याने आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर एका मोटारसायकलीचे छायाचित्र होते. निळा रंग, पुढे झेपावलेला आकार. उभी असतानाही ती धावत असल्याचा भास व्हावा अशी गाडी. "मामा, पंचेचाळीस हजारांत मिळते आहे. नवी घ्यायला गेलो तर दीड-दोन लाख लागतील," तो म्हणाला. त्याच रात्री ताईचा फोन आला. "अरे, तू तरी त्याला समजाव. माझं काही ऐकत नाही तो."

अशा प्रसंगी मामाची अवस्था मोठी अवघड होते. बहिणीची काळजी त्याला पटते आणि भाच्याची हौसही समजते. त्यातून मी पडलो साहित्याचा एम.ए. आणि पेशाने सरकारी नोकर. इंजिनापेक्षा नस्तीशी माझा परिचय अधिक. तथापि याच विषयात मी एकदा चांगलाच पोळलो आहे, आणि तेवढ्याच अधिकारावर आज हे चार शब्द सांगत आहे.

प्रथम ही 'स्पोर्ट' म्हणवणारी गाडी साध्या मोटारसायकलीहून निराळी कशी, ते पाहू. तिची हँडले खाली आणि पाय ठेवण्याच्या खुंट्या मागे असतात. चालवणाऱ्याला पुढे ओणवे बसावे लागते, आणि वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून गाडीच्या अंगावर प्लास्टिकचे कवच चढवलेले असते. ही रचना मोकळ्या रस्त्यावरील वेगासाठी आहे. वेगात समोरचा वारा छातीला आधार देतो. परंतु आश्रम चौकातील गर्दीत तसा वारा नसतो, आणि वरच्या अंगाचा सारा भार मनगटांवर येतो. हँडल साध्या गाडीइतके वळत नाही, म्हणून अरुंद गल्लीत गाडी फिरवताना नवशिक्याची तारांबळ उडते. उभ्या गाडीचा तोल जाऊन ती नुसती आडवी झाली, तरी कवच तडकते, आणि त्याची किंमत साध्या गाडीच्या वर्षभराच्या दुरुस्तीएवढी होऊ शकते.

या गाड्यांचे वेड दिल्लीस नवे नाही. जवळच्या फरिदाबादेत एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या सहकार्याने १९८३ साली 'राजदूत ३५०' काढली. त्या काळच्या आपल्या रस्त्यांवर तीस अश्वशक्तीच्या सुमाराचे ते इंजिन म्हणजे एक नवलच होते. परदेशी मूळ गाडीला पुढे डिस्क ब्रेक असे. आपल्याकडील गाडीला मात्र साधा ड्रम ब्रेकच दिला होता. किंमत व पेट्रोलचा खर्च दोन्ही जड, त्यामुळे ते दशक सरता सरता तिचे उत्पादन थांबले. पुढे २००८ मध्ये यामाहाची 'आर-१५' आली. ती ग्रेटर नोएडाजवळील सूरजपूरच्या कारखान्यात तयार होई. २०१२ मध्ये आपल्या चाकणहून बजाजने 'केटीएम ड्यूक' बाजारात आणली. शर्यतीच्या घराण्यातील गाडी अशा रीतीने पगारदाराच्या आवाक्यात आली, आणि काही वर्षांनी तीच दुसऱ्या-तिसऱ्या हाताने करोल बागेच्या जुन्या बाजारात येऊन नव्या पगारदाराची वाट पाहू लागली.

आता सामर्थ्याचा विचार करा. शंभर सी.सी.च्या साध्या गाडीत सुमारे आठ अश्वशक्ती असते. तीनशे नव्वद सी.सी.च्या गाडीत त्रेचाळीसच्या आसपास. युरोपात तरुणांना या पायऱ्या क्रमाने चढाव्या लागतात: प्रथम लहान इंजिनाचा परवाना, मग मध्यम आणि शेवटी कितीही सामर्थ्याची गाडी. आपल्याकडे अठरा वर्षे पूर्ण झाली आणि गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना मिळाला, की त्याच परवान्यावर दोन्ही गाड्या चालवता येतात. कायदा ज्या पायऱ्या घालत नाही, त्या आपणच घालून घ्यायच्या असतात. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्याचे अंतर दुप्पट होत नाही, सुमारे चौपट होते. हे गणित शाळेत आपण सारेच शिकतो. रस्त्यावर ते आठवेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

मला तो उशीर २००४ साली झाला. नोकरीत नुकताच रुजू झालो होतो, करोल बागेत एका खोलीत राहत होतो आणि तिथल्याच बाजारातून अशीच एक वेगवान, जुनी, स्वस्त गाडी घेतली होती. तिचे नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. जुलैतील पहिल्या पावसाच्या सरीनंतर वंदेमातरम् मार्गाच्या वळणावर घाबरून मी पुढचा ब्रेक गच्च दाबला. ओल्या रस्त्यावर, गाडी कललेली असताना, पुढच्या चाकाची पकड सुटली. खांद्याजवळचे हाड मोडले आणि दीड महिना डाव्या हाताने जेवलो. ब्रेक हळूहळू दाबायचा असतो आणि वळणापूर्वीच वेग कमी करायचा असतो, हे मला कोणी शिकवले नव्हते. आणि खरे सांगायचे तर मी कोणाला विचारलेही नव्हते.

भाच्याला ही हकीकत सांगितली. तो म्हणाला, "मामा, गाडी पाहून तर येऊ." तेव्हा एका रविवारी सकाळी, ओळखीच्या एका मिस्त्रीला सोबत घेऊन, आम्ही करोल बागेतील नाईवाला गल्ली गाठली.

तो मिस्त्री इंजिन सुरू करण्याआधी त्याला हात लावून पाहतो. इंजिन गरम लागले तर विक्रेत्याने ते आधीच चालवून ठेवले आहे, आणि थंड इंजिनाची कुरकुर आपल्याला ऐकू येऊ नये अशी त्याची इच्छा आहे, असे समजावे. मागून निळसर धूर येऊ लागला तर आत तेल जळते आहे. हँडल पूर्ण वळवल्यावर ते जिथे अडते, तिथला लोखंडी ठोकळा चेपलेला असेल तर गाडीने कधीतरी जबर आपटी खाल्ली आहे. पुढच्या दांड्यांवर तेलाचा ओघळ, चेनचा सैलपणा, डिस्कवर पडलेल्या चऱ्या, ब्रेक व क्लचच्या मुठींची घासलेली टोके, हे सारे तो आमच्यासमोर एकेक करून वाचत गेला. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '३२१७' असे दिसले तर तो टायर २०१७ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही शाबूत असली तरी इतक्या जुन्या रबराची पकड गेलेली असते. निळ्या गाडीचे टायर असेच जुने होते, आणि चकचकीत कवच एका बाजूला नवे, दुसऱ्या बाजूला मूळचे होते. टायर, चेन, ब्रेक आणि दांड्यांची दुरुस्ती धरून मिस्त्रीने खर्चाचा जो अंदाज सांगितला, त्याने पंचेचाळीस हजारांचे साठ हजार झाले.

त्यानंतर माझी पाळी आली. मी कागद मागितले.

राजधानीच्या या परिसरात दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेश अशा तीन सरकारांच्या हद्दी अर्ध्या तासात ओलांडता येतात. माणसाला ते सोपे आहे, गाडीच्या नोंदणीला नाही. दिल्लीत नोंदलेली गाडी नोएडाच्या नावावर करायची तर नमुना २८ मधील ना-हरकत दाखला हवा. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ व ३०. आणि गाडी कर्जावर घेतलेली असेल तर कर्ज फिटल्याचा नमुना ३५. गाडीचे वयही पाहावे लागते. पंधरा वर्षांवरील पेट्रोलच्या गाड्यांवर या परिसरात असलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली आणि २०२५ मध्ये तिच्या अंमलात काही बदल केले. म्हणून खरेदीच्या दिवशीचा नियम परिवहन कार्यालयातच विचारून घ्यावा. विम्याची गोष्ट तशीच. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा तृतीय पक्षाचा विमा घ्यावाच लागतो. पाच वर्षे संपली, गाडी हातोहात फिरली, की तो पुन्हा उतरवण्याचे कोणाला स्मरत नाही.

निळ्या गाडीचा विमा संपला होता. नोंदणी एका विद्यार्थ्याच्या नावावर होती. त्याने ती दोन वर्षांपूर्वी विकली होती आणि मधल्या दोघांपैकी कोणीही आपले नाव चढवले नव्हते. विक्रेत्याने खणातून नमुना २९ आणि ३० काढून दाखवले. खाली त्या विद्यार्थ्याची सही होती. वर घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती.

श्रोतेहो, तशीच कोरी सही मीही एकदा केली आहे. खांदा बरा झाल्यावर चार वर्षे मी ती गाडी भीतभीत वापरली आणि २००८ मध्ये विकून टाकली. फॉर्मवर सह्या केल्या, पैसे मोजून घेतले आणि सुटकेचा निःश्वास टाकला. विकणाऱ्याने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते, हे दिवसभर दुसऱ्यांना नियम सांगणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ठाऊक असायला हवे होते. २०१२ च्या हिवाळ्यात गाझियाबादहून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली. धुक्याच्या एका पहाटे त्या गाडीने सायकलवरून दूध घालणाऱ्या एका गृहस्थांना उडवले होते. चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा, परवाना नाही, विमा नाही. गाडी त्याच्या घरी चौथ्या हाताने आलेली. सरकारदप्तरी तिचा मालक मात्र मीच.

मी त्या दूधवाल्यांना प्रथम पाहिले ते न्यायाधिकरणाच्या ओसरीत. एक पाय गुडघ्यात वळत नव्हता. माझ्यावर ते रागावले नाहीत. मी गाडी विकून टाकली होती हे त्यांना कोणीतरी सांगितले होते. "साहेब, विकली तर कागद का नाही दिला?" एवढेच त्यांनी हिंदीत विचारले. माझ्यापाशी उत्तर नव्हते. भरपाईची जी रक्कम माझ्या वाट्यास आली, ती गाडीच्या विक्रीच्या किमतीच्या कितीतरी पट होती. ती मी हप्त्यांनी फेडली. पुढे २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व स्पष्ट केले: गाडी कितीही हातांतून गेली असो, अपघाताच्या दिवशी नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याने मालक. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठी नवे नियम लागू झाले. गाडी ताब्यात घेतल्याची नोंद केली की तिची जबाबदारी विक्रेत्यावर येते. नियम चांगला आहे. परंतु कोऱ्या सहीच्या गाड्या अजून गल्लोगल्ली उभ्या आहेत.

ही हकीकत भाच्याने पूर्वी कधी ऐकली नव्हती. घरात मी ती फारशी सांगत नाही. बाजारातून परतताना बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, त्या मुलाला माहीत तरी असेल का, की गाडी अजून त्याच्याच नावावर आहे?" त्या प्रश्नानंतर मला समजावण्यासारखे काही उरले नाही.

स्वस्त गाडी स्वस्त का असते, याचे उत्तर त्या रविवारी आम्हाला मिळाले. तिच्यावर बाकी राहिलेली असते. काही बाकी यंत्रावर असते, काही कागदावर. आणि पहिलीच गाडी असेल तर सर्वांत मोठी बाकी चालवणाऱ्याच्या शिक्षणावर असते. विक्रेता ती किमतीत धरत नाही. ती पुढे कोणाला तरी चुकवावी लागते, आणि तो माणूस प्रत्येक वेळी गाडीचा मालकच असतो असे नाही. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि त्यांत ७४,८९७ दुचाकीवरील होती, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. या आकड्यांनी तरुणांना घाबरवावे असे मला वाटत नाही. घाबरलेला माणूस गाडी वाईट चालवतो, हे मी अनुभवाने जाणतो.

महिनाभराने भाच्याने कचेरीतील एका सहकाऱ्याची सव्वाशे सी.सी.ची साधी गाडी घेतली. किंमत निळ्या गाडीपेक्षा थोडी कमीच पडली. दोघे मिळून परिवहन कार्यालयात गेले, नाव चढले, विमा उतरला, आणि मगच किल्ली हातात आली. उरलेल्या पैशांत आय.एस.आय. चिन्हाचे चांगले हेल्मेट, हातमोजे आणि जाड कापडाचे जाकीट झाले. पुढचे काही रविवार एका मोकळ्या मैदानात तो ब्रेक हळूहळू दाबायला शिकत होता आणि मी कडेला उभा राहून, वीस वर्षे उशिरा का होईना, त्याच्याबरोबर शिकत होतो. दोन वर्षांनी तो निळ्या गाडीसारखी गाडी घेणार आहे आणि त्या वेळी माझी हरकत असणार नाही.

हे सारे मी ताईला फोनवर सविस्तर कळवले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे मोटारसायकल घेतलीच ना त्यानं? अरे, तुला समजवायला सांगितलं होतं मी!"