माथ्याची माती आणि तिचे नत्र



मजुरांची संघटना बांधणाऱ्याने मातीवर का बोलावे, असे कोणास वाटेल. पण बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या मुख्यतः पाटोदा, शिरूर, धारूर अशा डोंगरपट्ट्यातून. त्याचे एक कारण पावसात आहे, दुसरे पायाखाली.

हवेत नत्र सुमारे ७८ टक्के. पण ज्वारीच्या ताटाला ते हवेतून घेता येत नाही. जमिनीतले नत्र नव्वद टक्क्यांहून अधिक कुजलेल्या पाल्यात, मुळ्यांत, शेणात अडकलेले असते, आणि तेही बहुतेक वरच्या वीतभर थरात. जीवाणू ते हळूहळू मोकळे करतात, तेव्हा कुठे पिकाच्या वाट्याला येते.

बालाघाटाच्या माथ्यावर हाच थर टिकत नाही. खाली काळा पाषाण, वर मुरूम, त्यावर पातळ बरड माती. वळवाची एक सर आली की गढूळ पाणी बिंदुसरेत, सिंदफणेत उतरते. धुपीत बारीक नि हलके कण आधी निघतात, आणि नत्र त्यांनाच चिकटलेले. सिंदफणा पाटोद्याच्या डोंगरातून निघून मंजरथला गोदावरीस मिळते. वाटेत काही माती तलावांच्या तळाशी बसते, काही गंगथडीच्या रानात.

मात्र काळी जमीन म्हणजे नत्राची खाण, हा समज खोटा आहे. आपल्या उन्हात सेंद्रिय द्रव्य लवकर जळते, म्हणून काळ्या रानातही नत्र बेताचेच. पाणी तुंबले तर त्यातले काही वायू होऊन उडून जाते. फरक ओलीचा आहे. युरियाच्या ४५ किलोंच्या पोत्यात सुमारे २१ किलो नत्र. खाली खोल जमिनीत ओल असते, त्याचे चीज होते. माथ्यावर पाऊस ओढ देतो आणि तेवढ्याच पैशांचे पोते पुष्कळसे फुकट जाते.

तूर, मूग, उडीद यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र बांधतात, हे आपल्या आजोबांना अनुभवाने ठाऊक होते. तलावातला गाळ रानात नेण्याची सरकारी योजना २०१७ साली निघाली. गाळ फुकट, वाहतूक शेतकऱ्याची! दोन एकरवाल्याने चढावर ट्रॅक्टर कोणत्या पैशाने न्यावा? २०२३ साली लहान शेतकऱ्यांना अनुदान ठरले, ते बरे झाले.

पण आधी माती अडवली पाहिजे. बांधबंदिस्ती उन्हाळ्यापूर्वीच सुरू होते, आणि ज्यांची राने धुपतात ते तेव्हा परमुलखात कोयता चालवीत असतात. टोळ्या चैत्राच्या सुमारास परततात. तेथून मृगापर्यंतच्या दोन महिन्यांत डोंगरपट्ट्यातल्या गावोगाव उताराला आडवे बांध घालण्याची हमीची कामे निघावीत, आणि त्यांची मजुरी पेरणीपूर्वी हातात पडावी, एवढी आमची मागणी आहे.