कचरा आपला, सवलत कुणाला?

(पुणतांबा येथील बैठकीतील भाषण)



२०१७ साली १ जूनच्या शेतकरी संपाची हाक ज्या पुणतांब्यातून उठली, त्याच गावात आज आपण भंगाराची गोष्ट करायला बसलो आहोत. कुणी म्हणेल, कापसाचा भाव सोडून भंगारावर काय बोलता? भंगारातही आपला पैसा आहे आणि तो मधल्या मध्ये जिरतो, म्हणून बोलायचे.

आधी ठिबकच्या नळ्या घेऊ. ज्यांच्या विहिरीला थोडेफार पाणी टिकते त्यांनी कपाशीला ठिबक केले. उन्हाने आणि उंदरांनी काही वर्षांत नळ्या गेल्या. बांधावर वेटोळी पडली, भंगारवाला आला आणि सांगेल त्या भावाने घेऊन गेला. ती नळी नवी घेताना कर आपणच भरला होता. कारखानदार आपल्या खरेदीवरच्या कराची वजावट घेतो, व्यापारीही घेतो. शेतकऱ्याला ती मिळत नाही. कराची साखळी आपल्या दारात येऊन संपते.

आता तीच नळी वितळवून पुन्हा दाणे करायचे म्हटले, तर काय होते? प्लास्टिकच्या भंगारावर जीएसटी ५ टक्के होता. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो १८ टक्के केला. नव्या दाण्यावरही १८ टक्केच. म्हणजे जुने वापरणाऱ्याला कराचा फायदा राहिला नाही.

यावर हिशेबनीस सांगतात, पुढच्या खरेदीदाराला या कराची वजावट मिळते, मग नुकसान कुणाचे? कागदावर कुणाचेच नाही. पण गावोगाव फिरणारा भंगारवाला जीएसटीत नोंदलेला नसतो. त्याच्याकडून घेणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्याला खरेदीवर वजावट नाही, विक्रीवर मात्र १०० रुपयांमागे १८ रुपये दाखवायचे. प्रामाणिक असेल तर तो ते खरेदीच्या भावातून कापतो. अप्रामाणिक असेल तर खोटी बिले करतो आणि प्रामाणिकाला धंद्यातून उठवतो. दोन्हीकडून कात्री लागते ती साखळीच्या तळाशी बसलेल्याला. तळाशी आपण आणि तो भंगारवाला.

आता पऱ्हाट्यांकडे वळू. कोरडवाहू माणसाला हा विषय अधिक जवळचा. वेचणी संपली की हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी रानात उभी राहते. ठेवावी तर शेंदरी बोंडअळीची सोय, म्हणून उपटून पेटवायची. याच पऱ्हाटीपासून जळणाच्या विटा होतात, पार्टिकल बोर्ड होते, खत होते. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने हे करून दाखवले आहे.

सरकारनेही सवलत दिली. १९६१ च्या आयकर कायद्यातील ८० जेजेए कलमाने, कुजणारा कचरा गोळा करून त्यापासून खत, बायोगॅस किंवा जळणाच्या विटा करणाऱ्या धंद्याला पाच वर्षे सगळ्या नफ्याची वजावट दिली. ऑक्टोबर २०२१ मध्ये, म्हणजे भंगारावरचा कर वाढला त्याच महिन्यात, वीज मंत्रालयाने औष्णिक केंद्रांना कोळशात ५ टक्के काडीकचऱ्याच्या गोळ्या मिसळण्याचे धोरण दिले. एका हाताने पुनर्वापराला बोलावले, दुसऱ्या हाताने दार ओढून घेतले.

आणि जी सवलत दिली ती कुणाला? शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून आयकरातली सवलत आपल्या हाती थेट येऊच शकत नाही. ती कारखान्याच्या नफ्यावर मिळते. आपल्यापर्यंत पोचेल ती फक्त पऱ्हाटीच्या भावातून. आपण पऱ्हाटी फुकट उचलू दिली, तर सगळी सवलत फाटकातच अडकली.

ज्वारीचा कडबा पाहा. कणीस काढल्यावर उरतो तो कडबाच, पण त्याला कुणी कचरा म्हणत नाही, कारण पेंढीला गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक आले की कचऱ्याचा माल होतो. सवलतीचे काम गिऱ्हाईक उभे करण्याचे आहे. कुणाचा ताळेबंद सजवण्याचे नाही.

म्हणून आमची मागणी दोनच गोष्टींची. शेतीच्या प्लास्टिक भंगारावरचा कर ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ठिबक संचावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जुन्या नळीलाही तोच न्याय द्या. दुसरे, काडीकचऱ्यावर सवलत घेणाऱ्याने शेतकऱ्याला वजनाची पावती आणि पैसे दिल्याचा पुरावा दाखवावा, मगच वजावट घ्यावी.

आणि आपले काम? पऱ्हाटी फुगीर असते, ट्रॉली भरते पण वजन भरत नाही. वाहतूकच भाव खाते. म्हणून एकेकट्याने विकू नका. चार-पाच गावांनी मिळून बांधावरच भुगा करणारे यंत्र भाड्याने आणावे, वजन करावे, मग भाव बोलावा. गट स्वतः विटा करणार असेल तर नव्या आयकर कायद्यात ही वजावट कोणत्या कलमाखाली आहे, ते कर सल्लागाराला विचारून घ्यावे. येत्या हंगामात काडी ओढण्याआधी एकदा काटा लावून पाहा. आपण काय जाळत होतो, ते त्या काट्यावर दिसेल.