रक्ताचें परतीचें ओझें



पुणें-बंगळूर हमरस्त्यानें कोल्हापूर जवळ आलें, कीं शिरोलीची औद्योगिक वसाहत लागते. तेथील ओतशाळांत लोखंडाचा रस सांच्यांत ओतला जातो. सांच्याची वाळू घट्ट करण्याची ओतकामांतील एक रीत अशी: वाळूंत सोडियम सिलिकेट मिसळून तींतून कर्बाम्लवायु, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, सोडावयाचा. नळकांड्यांतून येणारा हाच वायु तेथें राबणाऱ्या कामगाराच्या स्नायूंतहि अखंड निर्माण होत असतो. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरांतहि तो दर मिनिटास सुमारें २०० घन सेंटिमीटर तयार होतो. रक्त हें ओझें फुफ्फुसांपर्यंत कसें नेतें?

रक्तांत नुसता विरघळून जाणारा भाग शेंकडा दहाहून कमीच. शेंकडा वीसच्या आसपास भाग हिमोग्लोबिनला चिकटून जातो. उरलेला, सुमारें शेंकडा सत्तर, रूप पालटून प्रवास करतो. तांबड्या पेशींत पाण्याशीं संयोग होऊन त्याचें कर्बाम्ल बनतें व त्यांतून बायकार्बोनेट निघतें. तें रक्तद्रवांत उतरतें आणि त्याच्या जागीं क्लोराइड पेशींत शिरतें. मागें उरलेला आम्लांश हिमोग्लोबिन पेलून धरतें. एरवीं मंद चालणारा हा संयोग क्षणार्धांत घडविणाऱ्या प्रथिनावरील आपलें संशोधन केंब्रिजच्या मेल्ड्रम व रफटन यांनीं १९३३ सालीं प्रसिद्ध केलें. फुफ्फुसांत हिमोग्लोबिनला प्राणवायु मिळतांच तें आम्लांश सोडतें, बायकार्बोनेटचा पुन्हां वायु होतो आणि तो उच्छ्वासावाटे निघून जातो.

परंतु ओझें उतरावयाचें, तर बाहेर जागा मोकळी हवी. फुफ्फुसांतील हवेंत हा वायु शेंकडा पांचच्या सुमारास असतो. बाहेरच्या हवेंत दहा हजारांत सुमारें चार भाग. या उतारावरच सारा व्यवहार चालतो. हा वायु हवेच्या दीडपट जड असल्यानें कारखान्याच्या खड्ड्यांत वा जुन्या विहिरींत तळाशीं सांचतो. तेथें उतार नाहींसा होतो, रक्तांतील आम्लता वाढते, धाप लागते आणि पाहतां पाहतां शुद्ध हरपते. मग त्याला काढण्यास दुसरा धांवत उतरतो आणि तोहि तेथेंच पडतो.

म्हणून अशा जागीं आधीं स्वच्छ हवा खेळवावी, यंत्रानें वायु तपासावा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधावा आणि वर माणूस उभा ठेवावा. कोणी खालीं पडलाच, तर श्वसनाच्या साधनावांचून त्याच्यामागें उतरूं नये. रक्त आपलें काम चोख करतें; त्याला ओझें टाकावयास जागा ठेवणें मात्र आपल्या हातीं आहे.