रेल्वे येणार म्हणून घेतलेला प्लॉट



17 सप्टेंबर 2025, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या दिवशी बीडच्या स्थानकातून अहिल्यानगरकडे प्रवासी गाडी सुटली आणि निवडणुकीच्या सभांत, मोर्च्यांत, लग्नाच्या पंगतीत ऐकलेली एक गोष्ट निम्मी तरी खरी झाली. अहिल्यानगर–बीड–परळी या 261 किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली ती 1995 च्या सुमारास. आष्टीपर्यंत गाडी आली 2022 मध्ये, बीडला 2025 मध्ये. परळीचा टप्पा तेव्हाही बाकीच होता. ही तीस वर्षांची कथा रेल्वेच्या बाजूनं अनेकांनी सांगितली आहे. मला ती प्लॉट घेणाऱ्याच्या बाजूनं सांगायची आहे.

कारण या तीस वर्षांत 'रेल्वे येणार' हे वाक्य दलालाच्या तोंडी कायम होतं, आणि ते खोटंही नव्हतं. रेल्वे खरंच येणार होती. फक्त कधी, ते ठरलेलं नव्हतं. जमिनीत पैसे घालणारा माणूस बहुतेक वेळा जागा चुकीची निवडल्यामुळं बुडत नाही. घेतलेल्या पैशाची मुदत आणि जमिनीला भाव यायची मुदत जुळत नाही, म्हणून बुडतो. जमिनीचा भाव चार वर्षं झोपून राहील आणि एखाद्या वर्षी उठेल. व्याज मात्र दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दारात उभं असतं.

आता आकडे मांडू. बारा लाखांचा प्लॉट आहे. चार लाख घरचे, आठ लाख गावातल्या ओळखीच्या माणसाकडून तीन रुपये शेकड्यानं. तीन रुपये शेकडा म्हणजे महिन्याला चोवीस हजार, वर्षाला 2 लाख 88 हजार. तीन वर्षांत नुसतं व्याज 8 लाख 64 हजार होतं, मुद्दल जागेवरच. म्हणजे तीन वर्षांनी तो प्लॉट साडेवीस लाखांच्या वर विकला, तर आपण जिथं होतो तिथं. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली यांचा हिशेब मी अजून धरलेलाच नाही. आपल्या बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना मुकादमाची उचल ठाऊक आहे: हंगाम संपतो, पण उचल फिटत नाही. शेकड्यावर घेतलेला प्लॉट त्याच जातीचा.

त्यात कायद्याची एक बाजू आहे, ती फार थोड्या लोकांना माहीत असते. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा 2014 चा. परवानाधारक सावकारानं शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला 9 टक्के आणि विनातारण 12 टक्के, तर इतरांना तारणावर 15 आणि विनातारण 18 टक्के, यापेक्षा जास्त व्याज घ्यायचं नाही. तीन रुपये शेकडा म्हणजे वर्षाला 36 टक्के. आणि जो प्लॉट घेतो त्यानं याच कायद्याचं कलम 18 लक्षात ठेवावं. अवैध सावकारीत एखाद्याची जमीन खरेदीखत करून बळकावली असेल, तर पंधरा वर्षांच्या आतल्या अशा व्यवहाराची चौकशी जिल्हा उपनिबंधक करू शकतात आणि ते खरेदीखत अवैध ठरवून जमीन मूळ मालकाला परत देऊ शकतात. म्हणून विकणाऱ्यानं ती जमीन कुणाकडून, कधी आणि कशाच्या बदल्यात घेतली, हे विचारणं चांभारचौकशी नाही. एकाच माणसाच्या नावावर चार गावांत तुकड्या-तुकड्यांनी जमीन जमलेली दिसली, की तिथं जरा थांबावं.

पतसंस्थांचं काय, असं तुम्ही विचाराल. बीडमध्ये हा प्रश्न विचारावाच लागत नाही. 2023 च्या अखेरीपासून ज्ञानराधा मल्टीस्टेट या पतसंस्थेच्या शाखांपुढं ठेवी परत मिळवायला ठेवीदारांनी जे हेलपाटे घातले, ते सगळ्यांनी पाहिले. त्यातून जमिनीच्या व्यवहारापुरतं घेण्यासारखं एवढंच, की खरेदीसाठी साठवलेली रक्कम जास्त व्याजाच्या मोहानं पतसंस्थेत ठेवू नये. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. इसार देऊन बसलात, खरेदीची तारीख आली आणि पैसे अडकले, तर इसारही जातो.

राहिली बँक. बँकेचं कर्ज स्वस्त, पण ती नखरे करते, आणि ते नखरे आपल्या फायद्याचे असतात. घरासाठी तीस लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के, पुढं पंचाहत्तर लाखांपर्यंत 80 टक्के, ही रिझर्व्ह बँकेची मर्यादा. मोकळ्या प्लॉटला बँका याहून हात आखडून देतात आणि बहुतेक वेळा ठरावीक मुदतीत बांधकाम करायची अट घालतात. शेतजमिनीतल्या दोन-तीन गुंठ्यांच्या तुकड्याला तर दारातूनच परत पाठवतात. तेव्हा दलाल म्हणतो, 'बँकेच्या भानगडीत कशाला पडता?' माझं मत याच्या अगदी उलट आहे. कर्ज घ्यायचं नसलं तरी कागद एकदा बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाला दाखवावेत. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट करायला जो खर्च येतो, तो या जिल्ह्यात दिलेल्या कुठल्याही दलालीपेक्षा सत्कारणी लागतो.

कारण आपली जमीन निजामाच्या राज्यातून आलेली आहे. पुण्या-साताऱ्याच्या माणसाला जे पाहावं लागत नाही, ते आपल्याला पाहावं लागतं. सातबारा कोरा दिसला म्हणजे झालं, असं नाही. 1954-55 ची खासरा पाहणी काढायची. त्यात कुणाचं नाव आहे, कूळ आहे का, जमीन इनामाची तर नाही, हे बघायचं. मदतमाश, खिदमतमाश हे इनामाचे शब्द किंवा मुंतखबाचा, म्हणजे इनामाच्या दाखल्याचा, उल्लेख दिसला, की जमिनीचा इतिहास वेगळा आहे असं समजावं. देवस्थानाच्या आणि वक्फच्या इनाम जमिनी परस्पर विकल्याची प्रकरणं आष्टी तालुक्यात पोलीस ठाण्यापर्यंत गेलेली आहेत. भोगवटादार वर्ग 2 असं लिहिलेलं असेल, तर परवानगी आणि नजराणा यांच्याशिवाय ती घ्यायचीच नाही. 'नंतर वर्ग 1 करून घेऊ' असं म्हणणाऱ्यानं आधी करून दाखवावं, मग आपण बोलू.

वारसांचंही तसंच. भाऊ सह्या करतात, बहिणींचं कुणी विचारत नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क जन्मानं आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये विनीता शर्मा प्रकरणात पक्कं केलं आहे. बहीण सासरी, एखादा भाऊ कोल्हापूर-सांगलीकडं फडावर, आणि खरेदी मात्र उद्याच करायची घाई. अशा वेळी नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा प्रत्यक्ष सही, यातलं एक तरी हवंच. एप्रिलमध्ये माणसं परतेपर्यंत थांबायला लागलं तर थांबावं. वर्तमानपत्रात जाहीर प्रगटनही द्यावं. त्याचा खर्च म्हणजे दोन चहा-पाण्याच्या बैठकी.

तुकड्यांबद्दल सध्या फार गोंधळ आहे. ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेनं बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला किमान 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरलं. पुढं नोव्हेंबर 2025 च्या अध्यादेशानं रहिवासी भागातल्या जुन्या तुकड्यांच्या व्यवहारांना नियमित व्हायची वाट दिली, पण 15 ऑक्टोबर 2024 पर्यंतच्या. 'आता सगळं खुलं झालंय' हे जे ऐकू येतं, ते या तारखेकडं डोळेझाक करून. रीतसर मंजूर लेआउटचा प्लॉट घ्या, आणि पाचशे चौरस मीटरच्या पुढचा प्रकल्प असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. तिथं ग्राहकांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचं बंधन विकासकावर असतं.

आता प्रत्यक्ष सौदा. साध्या बाँडवर इसारपावती, त्यात रक्कम कमी दाखवलेली आणि उरलेलं रोख. ही पद्धत इतकी रुळली आहे, की ती चुकीची वाटतच नाही. पण जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेतली, तर तितकाच दंड होऊ शकतो, असं आयकर कायदा सांगतो. त्याहून व्यवहारी गोष्ट अशी, की सौदा फिसकटला तर परत मागता येते ती फक्त कागदावरची रक्कम. इसार कमी द्यावा, चेकनं द्यावा, आणि पावतीत तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: मोजणी करून क्षेत्र कमी भरलं तर भाव कसा कमी होणार, बँकेचा बोजा कुणी आणि कधीपर्यंत उतरवायचा, आणि मोजणीला किंवा परवानगीला उशीर झाला तर खरेदीची मुदत आपोआप किती वाढणार. ही तिसरी अट बहुतेक जण विसरतात, आणि इसार जप्त होतो तो नेमका तिथंच. भावकीत मिळून पैसे घालत असाल, तर ज्यांनी घातले त्या सगळ्यांची नावं खरेदीखतावर यावीत. 'दाजींच्या नावावर घेऊ, घरातलंच आहे' या वाक्यानं आजवर किती घरं बोलायची बंद झाली, ते प्रत्येकाला आपापल्या गावात माहीत आहे.

भाड्यासाठी घर घेणाऱ्यांना एवढंच सांगतो, की भाडं कुठून येणार आहे ते ओळखा. अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय आहे. विद्यार्थी आणि डॉक्टर दरवर्षी नवे येतात. परळीत औष्णिक केंद्राच्या भरवशावर खोल्या बांधणाऱ्यांनी 2013 चा दुष्काळ पाहिला आहे. पाण्याअभावी केंद्रच बंद ठेवावं लागलं होतं. भाडेकरू एकाच कारखान्याचे असतील, तर हप्ता त्या भाड्याच्या निम्म्यावर बसला पाहिजे, निदान वर्षभराचे हप्ते बाजूला असले पाहिजेत. बीड शहरात घर बघताना नळाला पाणी किती दिवसांनी येतं आणि उन्हाळ्यात बोअर टिकतो का, हे शेजाऱ्याला विचारा. मालकाला विचारून उपयोग नाही. बिंदुसरेच्या काठी स्वस्त मिळत असेल, तर 1989 चा पूर पाहिलेला एखादा म्हातारा माणूस शोधा आणि पाणी कुठपर्यंत आलं होतं ते त्याच्याकडून दाखवून घ्या.

अकरा महिन्यांचा भाडेकरार नोंदवावा लागत नाही, हा समज मात्र डोक्यातून काढून टाका. भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो कितीही महिन्यांचा असो. जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, आणि मालकाला पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे काम आता ऑनलाइन होतं, दुय्यम निबंधकाच्या दारात उभं राहावं लागत नाही.

आणि प्लॉट मोकळाच ठेवणार असाल, तर खरेदी झाल्या झाल्या फेरफार नोंदवून घ्या, चारी कोपऱ्यांना दगड रोवा, आणि दर सहा महिन्यांनी सातबारा उतरवून त्यावर आपलंच नाव आहे ना, हे बघत जा.