जनतेचा कैवारी आणि कामगार

कामगारवर्गाच्या इतिहासांत दोन प्रकारचे पुढारी आढळतात. एक त्याच्यांतूनच वर आलेला, सभासदांच्या वर्गणीवर चालणारा आणि म्हणून हिशेब देण्यास बांधलेला. दुसरा बाहेरून येतो, बहुधा वरून येतो. तो वर्गणी मागत नाहीं. उलट कांहीं तरी देतो, आणि तुमचा माझा संबंध थेट आहे, मध्यें कोणी नको, असें सांगतो. कायदेमंडळ, वर्तमानपत्रें, न्यायकचेऱ्या, जुने पक्ष, हे सारे त्याच्या लेखीं मधले दलाल. या दुसऱ्या पुढाऱ्याला आपण जनतेचा कैवारी म्हणूं.

असा कैवारी पुढें आला आणि कष्टकरी लोक त्याच्या मागून चालूं लागले, कीं सुशिक्षितांचें उत्तर ठरलेलें असतें : मजूर भोळा, भाषणाला भुलला. श्रोतेहो, हें उत्तर मला आळसाचें वाटतें. मजुराला आपला फायदा कळत नाहीं असें समजणाऱ्यानें पगाराच्या दिवशीं एखाद्या कारखान्याच्या दारांत तासभर उभें राहावें. कैवाऱ्याची मोहिनी कशाची बनलेली असते आणि तिची किंमत कामगाराला कोठें मोजावी लागते, हें पाहण्यासाठीं मी आज एकच उदाहरण घेणार आहें. तें आहे दक्षिण अमेरिकेंतील आर्जेंटिना देशाचें, आणि तेथील कर्नल हुआन पेरॉन याचें.

पेरॉनपूर्वींची स्थिति आधीं ध्यानांत घेतली पाहिजे. समाजवादी पक्षाचे आल्फ्रेदो पालासियोस १९०४ सालीं कायदेमंडळांत निवडून गेले, आणि राजधानी ब्यूनॉस आयर्ससाठीं रविवारच्या सुटीचा कायदा १९०५ सालीं झाला. परंतु कायदा पुस्तकांत आणि मजूर कामावर, असाच पुष्कळसा प्रकार होता. जानेवारी १९१९ मध्यें राजधानींतील संपांत, आणि १९२१-२२ मध्यें पाटागोनियांतील मेंढपाळीच्या मोठमोठ्या वतनांवरील संपांत, मजुरांवर गोळ्या झाडण्यांत आल्या. १९३० सालीं लष्करानें निवडून आलेलें सरकार उलथून टाकलें, व पुढें ज्या निवडणुका झाल्या त्या उघड उघड लबाडीच्या. ही लबाडी करणारे तिला 'देशभक्तीची लबाडी' म्हणत; शब्दांचा उपयोग कसा करावा हें त्यांच्यापासून शिकावें! सारांश, ज्या मधल्या संस्थांचा कैवारी उपहास करतो, त्या संस्थांनीं मजुराच्या मनांतून आपली किंमत आधींच घालविलेली होती.

जून १९४३ मध्यें पुन्हां लष्करी क्रांति झाली. तींत सामील असलेल्या पेरॉननें जें खातें आपल्याकडे घेतलें तें कोणाच्या डोळ्यांत भरण्यासारखें नव्हतें. तें होतें मजूर खातें. पण दोन वर्षांत त्यानें त्या खात्याचें रूप पालटून टाकलें. मजुरांच्या तंट्यांसाठीं निराळीं न्यायालयें निघालीं. दुकानांतील व पेढ्यांतील नोकरांना निवृत्तिवेतन मिळूं लागलें. आणि ऑक्टोबर १९४४ मध्यें शेतमजुरांचा कायदा झाला, त्यांत किमान मजुरी, रविवारची सुटी, भरपगारी रजा, राहण्यास बरी जागा व औषधपाणी यांची तरतूद होती. शेतमालकाच्या मर्जीशिवाय दुसरा कायदा ज्यांनीं पाहिला नव्हता, त्या माणसांना हें केवढें वाटलें असेल! कामगारांचे प्रतिनिधी सरकारी कचेरींत जात तेव्हां त्यांना बसावयास खुर्ची मिळे. हें मी मुद्दाम सांगतों. कारण मजुरीच्या वाढीइतकीच ही खुर्चीही मनांत राहते. मात्र खुर्ची सर्वांना नव्हती. जी संघटना सरकारशीं जुळवून घेई तिला मान्यता; जी न घेई, विशेषतः कम्युनिस्टांच्या हातची, तिच्या वांट्याला पोलीस. ऑक्टोबर १९४५ मध्यें तर एका धंद्यांत एकाच संघटनेला सरकारी मान्यता मिळावी असा हुकूमच निघाला.

त्याच महिन्यांत खरी परीक्षा झाली. ९ ऑक्टोबर रोजीं लष्करांतील विरोधकांनीं पेरॉनला राजीनामा द्यावयास लावला व लवकरच त्याला मार्तीन गार्सिया बेटावर नेऊन ठेवलें. त्या आठवड्यांत सुटीच्या दिवसाचा पगार मागणाऱ्या मजुरांना कांहीं मालकांनीं, "आतां पेरॉनकडे जाऊन मागा," असें हिणवून सांगितलें, अशी हकीगत तिकडे सांगतात. कैवाऱ्याचें काम मालकांनींच केलें! तुमचा हक्क हा हक्क नसून एका माणसाची कृपा होती, आणि तो माणूस गेला, हेंच त्यांनीं मजुरांना पटवून दिलें. मग मजुरांनीं तो माणूस परत मागितला, यांत नवल कोणतें?

१६ ऑक्टोबरच्या रात्रीं कामगारांच्या महासंघाची बैठक बसली. संप करावा कीं नाहीं, यावर बराच वाद झाला. मिळालेले हक्क राखावयाचे कीं एका सेनाधिकाऱ्याला सोडवावयाचें, हा त्या वादाचा गाभा होता. अखेर ११ विरुद्ध १६ मतांनीं १८ तारखेच्या संपाचा ठराव झाला. पण त्या ठरावांत पेरॉनचें नांव मुळींच नव्हतें. त्या पुढाऱ्यांचा सावधपणा मला फार मोलाचा वाटतो. तथापि त्यांचे अनुयायी तेवढे थांबावयास तयार नव्हते. १७ तारखेलाच आव्हेयानेदा, बेरिस्सो वगैरे भागांतील मांसाच्या कारखान्यांतले व गिरण्यांतले लोक राजधानीकडे निघाले. वाटेंतील नदीवरचे पूल उचलले गेले, तेव्हां कित्येक जण होड्यांतून पलीकडे गेले. ज्या मुख्य चौकांत असलीं माणसें सहसा दिसत नसत, तेथें तीं दिवसभर बसून राहिलीं आणि चालून दमलेले पाय त्यांनीं कारंज्याच्या हौदांत बुडविले. रात्रीं अकराच्या सुमारास पेरॉन सरकारी वाड्याच्या सज्जांत आला. समाजवादी व कम्युनिस्ट पत्रांनीं त्या समुदायाला हुल्लडबाज ठरविलें. 'बिनसदऱ्याचे' हा शब्द हिणवण्यासाठीं निघाला, तो पेरॉननें उचलून त्यांच्या छातीवर बिरुदासारखा लावला. कामगाराच्या नांवानें पक्ष चालवावा आणि कामगार रस्त्यावर आला कीं नाक मुरडावें, असें करणाऱ्यांनीं पुढें मतें कमी पडलीं म्हणून रडूं नये.

यानंतरचा भाग क्वचितच सांगितला जातो, आणि मला तर तोच महत्त्वाचा वाटतो. त्या ऑक्टोबरांतच कामगार पुढाऱ्यांनीं स्वतःचा मजूर पक्ष स्थापन केला. टेलिफोन कामगारांचा पुढारी त्याचा अध्यक्ष, मांस कारखान्यांतील कामगारांचा पुढारी सिप्रियानो रेयेस उपाध्यक्ष. २४ फेब्रुवारी १९४६ रोजीं पेरॉन निम्म्याहून अधिक मतांनीं निवडून आला, तो मुख्यतः या पक्षाच्या बळावर. आणि २३ मे रोजीं, अधिकारसूत्रें हातीं घेण्यापूर्वींच, त्यानें हा पक्ष मोडण्याचा हुकूम दिला. पुढें जो एकच पक्ष उरला त्याला त्याचेंच नांव मिळालें. टेलिफोन कामगारांचा तो पुढारी महासंघाचा चिटणीस निवडून आला होता. अमेरिकन संघटनांशीं संधान बांधल्याचा आरोप करून जानेवारी १९४७ मध्यें त्याला घालविण्यांत आलें. रेयेसनें मजूर पक्ष जिवंत ठेवण्याचा हट्ट धरला. सप्टेंबर १९४८ मध्यें पेरॉनच्या खुनाचा कट केल्याच्या आरोपावरून त्याला तुरुंगांत टाकलें, तो पेरॉनची राजवट संपेपर्यंत तेथेंच होता.

हें चाललें असतां कामगाराच्या घरीं दिवस चांगले होते, हें नाकारणें खोटेपणाचें होईल. मजुरी भावांपेक्षां वेगानें वाढत होती. संघटनांचे सभासद १९४५ च्या सुमारास सुमारें ५ लाख होते, ते १९५० पर्यंत २० लाखांच्या आसपास गेले. महायुद्धाच्या काळांत सांचलेली परदेशी गंगाजळी मोठी होती आणि गव्हाला जगांत भाव होता. सरकार शेतकऱ्याकडून स्वस्तांत घेऊन बाहेर महाग विकी. पेरॉनची पत्नी एव्हा हिनें १९४८ मध्यें काढलेल्या निधींतून शिवणयंत्रें, औषधें, मुलांचीं खेळणीं वांटलीं जात. त्या निधींत कामगारांच्या पगारांतून कापलेला पैसाही असे. आपल्याच घामाचा पैसा बाईसाहेबांची देणगी होऊन परत येई, आणि घेणारा डोळ्यांत पाणी आणून घेई. १९४९ च्या राज्यघटनेंत कामगारांचे हक्क एकामागून एक नमूद झाले. संप करण्याचा हक्क मात्र त्यांत घातला गेला नाहीं.

तो कां घातला नाहीं, हें गव्हाचे भाव उतरल्यावर आणि पाऊस हुकल्यावर कळलें. जानेवारी १९५१ मध्यें आगगाडीच्या संपकरी कामगारांना पेरॉननें लष्करी शिस्तीखालीं आणलें. कामावर न येणें हा आतां सैनिकी गुन्हा ठरला. त्या सालीं महागाई सैकडा ३० च्या वर गेली. १९५२ मध्यें काटकसरीची योजना आली, मजुरी दोन वर्षें गोठविण्यांत आली, आणि गव्हाच्या त्या देशांत लोकांना भरड धान्य मिसळलेला काळा पाव खावा लागला. अशा वेळीं भांडण्यासाठीं जी संघटना असावयाची, तिचे पुढारी आतां सरकारचें म्हणणें कामगारांना समजावून सांगत होते. तीं माणसें वाईट होतीं असें नाहीं. त्यांची जागाच आतां वरून मिळालेली होती.

सप्टेंबर १९५५ मध्यें लष्करानें पेरॉनला घालविलें. रेयेस तुरुंगाबाहेर आला. नव्या सरकारनें स्वातंत्र्याची ग्वाही दिली, आणि थोड्याच दिवसांत कामगारांचा महासंघ एका नौदल अधिकाऱ्याच्या ताब्यांत देऊन टाकला. मार्च १९५६ च्या एका हुकुमानें पेरॉनचें नांव उच्चारणें, त्याचें चित्र लावणें हाही गुन्हा झाला. महासंघाची मोठी इमारत त्या वेळीं कामगारांच्या कांहीं उपयोगीं पडली नाहीं. उपयोगीं पडल्या त्या एकेका कारखान्यांतील लहान लहान समित्या, ज्यांत शेजारच्या यंत्रावरच्या माणसानें शेजारच्या माणसाला निवडलेलें असे. मजुरीसाठीं पुढचीं भांडणें त्यांनींच चालविलीं. आणि त्यांचे सभासद भिंतीवर खडूनें नांव लिहीत, तें मात्र पेरॉनचेंच.